रिकामं जहाज हलवायचं नाही

ज्या वर्षी आम्ही हायवेलगतच्या वीटभट्टीवर होतो, त्या वर्षी भट्टीच्या मागच्या भिंतीवरून रोज एक जहाज वर यायचं. पूर्ण नाही, नुसतं नाक. लाल-पिवळं. वर यायचं, जरा थांबायचं आणि खाली जायचं. खाली जाताना त्यातली माणसं जिवाच्या आकांतानं ओरडायची. पहिल्या दिवशी आय गारा तुडवता तुडवता थांबली.

"कोणाला मारतात का काय तिकडं?"

"मारत नाय. मजा करतात," बा म्हणाला.

"मजेत असा कोण बोंबलतो?"

बा विटा उचलायला वळला. याचं उत्तर मला शोधायचं होतं. भिंतीपलीकडे नवीनच झालेलं पार्क होतं.

आमचा पाडा जव्हारकडच्या साखरशेतच्या वरच्या अंगाला. भात आणि नागली दिवाळीनंतर फार पुरायची नाही, म्हणून पाडाच्या पाडा भट्टीवर उतरायचा. काका-काकू आणि त्यांची मुलगी आमच्या शेजारच्याच खोपीत. ती माझ्याहून वर्षाने मोठी. आम्ही दोघं ओल्या विटा उलटायचो. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. आयने दोन बांबूंना जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि येता-जाता ती पायाने झोका द्यायची. तिकडे जहाज झुलायचं, इकडे झोळी झुलायची. मला झोळीचं कौतुक नव्हतं. मला जहाजाचा हेवा वाटायचा. त्यात बसणाऱ्यांचा तर इतका, की रात्री जेवताना मी त्यांच्यासारखं ओरडून बघायचो आणि बाचा धपाटा खायचो.

त्या पावसाळ्यात बहीण गेली. जुलाब झाले, अंगात काही नव्हतंच. वावर-वांगणीकडे कुपोषणाने पोरं मेली तेव्हा तिकडे गाड्या गेल्या, पेपरवाले गेले, मंत्री गेले. आमच्या पाड्यावर कुणी आलं नाही. आमचं एकच पोर गेलं होतं. लिहू नये, पण खरं ते लिहितो: मला त्या गावांचाही हेवा वाटला होता.

झोळी बरेच दिवस घरात तशीच टांगलेली राहिली. वारा आला की हलायची. आय हातातलं काम टाकून उठायची आणि ती धरून ठेवायची. रिकामी झोळी हलू द्यायची नाही, दुसऱ्या पोराला बाधते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. घरात दुसरं पोर मीच होतो. शेवटी तिने झोळीला गाठ मारली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. आश्रमशाळा, मग जव्हारचं कॉलेज. आमच्या पाड्यावरचा पहिला बी.ए. मी. बाला वाटलं, आता हा मास्तर होणार, नाहीतर तहसीलमध्ये खुर्चीवर बसणार. मी बॅग भरली आणि त्या पार्कात नोकरी मागायला गेलो.

"एवढं शिकून जत्रेत कामाला?" बा म्हणाला.

"जत्रा नाय, पार्क आहे."

"पाळणे आहेत ना? मग जत्राच."

बाचं चुकलं होतं. जत्रेतल्या पाळण्यावर मी जव्हारला लहानपणीच बसलो होतो. पाळणेवाला आपली माणसं कमी पडली की बसलेल्यांनाच उतरवून धक्का मारायला लावायचा. पार्कात बसलेला माणूस बसलेलाच राहतो. फरक एवढाच असला, तरी तो मोठा आहे.

मुलाखतीत मी सांगितलं, मला जहाजावर घ्या. साहेब हसले. मला जहाजावरच दिलं, पण खाली, रांगेच्या दारात. हातात रंगवलेली काठी. काठीपेक्षा बुटकं पोर आलं की त्याला परत पाठवायचं. आणि वर, चौथऱ्यावर, जहाज चालवायच्या दांड्याला हात लावून कोण उभी? माझी चुलत बहीण.

ती दहावी नापास. वर्षभर आधी झाडूवाली म्हणून आली होती. जहाजाचा माणूस लग्नाला गावी गेला तो परतलाच नाही, आणि ऐन सुट्टीच्या गर्दीत हिने सांगितलं, "मना येतं." खरंच येत होतं. पण मलाही आलं असतं! मी त्या जहाजाकडे तिच्याइतकीच वर्षं बघत होतो. आमच्या दोघांत फरक इतकाच, की ती आधी आली आणि मी बी.ए. करत बसलो.

"ओ बी.ए.," ती माइकवरून सगळ्यांदेखत म्हणायची, "रांग सरळ करा जरा."

रांगेतली माणसं हसायची. मी काठी आपटायचो.

सुट्टीच्या दिवशी मी बाकीच्या राईडवर बसून घ्यायचो, तिकीट काढून. तेव्हापासून माझी मतं ठाम आहेत आणि ती मी कुणालाही तोंडावर सांगतो. टकरीच्या गाड्या फुकट गेलेली जागा आहे. ज्याला धडकायचं तो सापडत नाही आणि जो नको तो मागून येतो. भूतघरात भूत नसतं, घामाचा वास असतो. लाटांच्या तळ्यात लाटेपेक्षा वाट बघणं जास्त. उंच घसरगुंडी चांगली, पण वरच्या जिन्यावर सावली नाही; माणसाचे तळपाय भाजतात आणि मग तो मजा करायला आलाय हेच विसरतो. कुठल्याही पार्काची पारख राईडवरून करू नये, रांगेवरून करावी. रांगेत प्यायला पाणी आहे का, बसायला कट्टा आहे का, पुढे किती वेळ लागेल हे कुणी खरं सांगतं का. जिथे मालकाची केबिन गार आणि रांग उन्हात, ते पार्क मला दाखवू नका.

आणि राईड एकच: जहाज. त्यात लपवाछपवी नाही. वर नेतं, पोटातलं काढून घेतं, परत देतं.

म्हणूनच तिच्या हाताखाली मला जास्त जळायला व्हायचं. ती जहाज चालवायची मनाला येईल तसं. खाली टायर फिरतो, तो जहाजाच्या पोटाला घासून त्याला ढकलतो. दांडा किती वेळ दाबून धरायचा हे चालवणाऱ्यावर. कॉलेजची मुलं शिट्ट्या मारत बसली की ही त्यांना लवकर उतरवायची. पण चाळीतल्या बायकांचा घोळका आला, त्यातली एखादी म्हातारी खांबाला धरून "थांबव गं बाई" ओरडायला लागली, की ही माइकवर विचारायची, "थांबवू?" आणि बाकीच्या सगळ्या बोंबलायच्या, "नाही!" मग फेरी लांबतच जायची. वर टाळ्या. खाली रांगेत मला शिव्या.

"तुझ्यामुळे एका तासात निम्मी माणसं चढतात," मी तिला जेवणाच्या सुट्टीत सुनावलं.

"आणि उतरणारी?"

"उतरणाऱ्यांचं काय?"

"ती परत रांगेत येतात, भाऊ. म्हणून तुझी रांग लांब."

मी डबा बंद केला. व्यवस्थापन म्हणून बघितलं तर माझंच बरोबर होतं, आजही आहे. पण लोक पार्कात शिरताच विचारायचे, "ती जहाजवाली ताई आहे ना आज?" काठीवाल्या दादाची चौकशी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी नवीन मॅनेजर आले. शिस्तीचे. सकाळी पार्क उघडण्याआधी प्रत्येक राईड चालवून बघायची, हे आधीपासून होतंच. तेव्हा झाडूवाल्या बायका जहाजात बसून घ्यायच्या. त्यांची तेवढीच मजा. मॅनेजरांनी फलक लावला: कर्मचाऱ्यांनी राईडमध्ये बसू नये, चाचणी रिकामी घ्यावी.

पुढच्याच सकाळी ते चाचणी बघायला आले आणि मेकॅनिकला जहाजातून काहीतरी खडखडल्यासारखं ऐकू आलं. जहाज थांबवलं. मधल्या बाकावर, पट्ट्याखाली, टॉवेलात गुंडाळलेली वीट होती. टॉवेल सुटला होता.

"ही कुणी ठेवली?"

"मी," बहीण म्हणाली.

"का?"

"रिकामं हलवायचं नाही."

"म्हणजे?"

तिने समजावून सांगितलं. बारशाला पाळण्यात पोराआधी वरवंटा घालतात, तसं हे. झोळी असो नाहीतर जहाज, झोका तो झोका. पार्कात रोज एवढी पोरं येतात, त्यांना काही झालं तर? ती हे अगदी सरळ बोलत होती, बाजाराची वाट सांगावी तसं.

मॅनेजरांचा चेहरा लाल झाला. "ही वीट वरून सुटली असती तर त्याच पोरांतलं एखादं मेलं असतं!"

हे त्यांचं शंभर टक्के खरं होतं. तिला तिथल्या तिथे जहाजावरून काढून पुन्हा झाडूवर पाठवलं. मग ते माझ्याकडे वळले.

"तू ग्रॅज्युएट ना? तुझ्या डोक्यात असलं काही नाही?"

"नाही सर."

"उद्यापासून जहाज तुझं."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? भट्टीवरच्या त्या वर्षापासून जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते तिच्याकडून मिळालं म्हणून जास्तच गोड लागलं. तिची चहाडी मी केली नव्हती, करायची वेळच आली नाही, यात तर मला देवाचा हात दिसला.

सकाळी मी चौथऱ्यावर चढलो. दांडा थंड होता आणि तिच्या हाताने गुळगुळीत झालेला. जहाज समोर, सगळी बाकं रिकामी. खाली ती झाडू घेऊन उभी, बाकीच्या बायका तिच्या मागे. मॅनेजर केबिनच्या दारात घड्याळ बघत होते.

"हलव ना, बी.ए.," ती म्हणाली. टोमणा होता, पण आवाज रोजचा नव्हता.

मी असलं काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण हात दांड्यावर ठेवला आणि मला आय दिसली, भाकरीचं पीठ हाताला तसंच, लुगड्याची झोळी दोन्ही हातांनी धरून उभी. माझ्यासाठी धरलेली. मी दांडा सोडला.

"काय झालं?" मॅनेजर ओरडले.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी जे बोललो ते त्या घटकेला सुचलेलं नव्हतं. रांगेत उभं राहून दोन हंगाम मी हाच विचार करत आलो होतो, फक्त ऐकणारा मिळाला नव्हता. "सर, रिकामं चालवून काय कळणार? जहाज रिकामं बिघडत नाही, भरलेलं बिघडतं. पट्टे ताणले जात नाहीत, ब्रेकवर वजन येत नाही. प्रत्येक बाकावर वाळूची पोती ठेवू, माणसाच्या वजनाची, पट्टा लावून. मग चालवू."

मेकॅनिक मागून म्हणाला, "बरोबर बोलतोय. मी पहिल्या मॅनेजरांना हेच सांगत होतो."

"आणि रोज सकाळी पोती चढवणार कोण?"

"मी."

मॅनेजरांनी वाळू मागवायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना कारण पटलं की पटायचं. त्या दिवशी जहाज दुपारपर्यंत बंद राहिलं आणि वाळू आली. पोती शिवली झाडूवाल्या बायकांनी. बांधायला मात्र बहीण आली. प्रत्येक पोत्याचा पट्टा तिने ओढून बघितला.

"आता भरलं," ती म्हणाली. "आता हलव."

मी दांडा दाबला. जहाज पोती घेऊन वर गेलं. कुणीच ओरडलं नाही, तरी इतकं सुंदर मी ते कधी पाहिलं नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण संध्याकाळी लोक विचारायला लागले, ताई कुठे? माझी फेरी वेळेत सुरू, वेळेत बंद; रांग सरळ, सावलीला ताडपत्री मीच मागून घेतलेली. तरी उतरणारे म्हणायचे, "आज मजा नाही आली." आठवड्याने मॅनेजरांनी तिला संध्याकाळच्या पाळीला परत घेतलं. सकाळ माझी, संध्याकाळ तिची. पोती चढवायला मी, टाळ्या घ्यायला ती! मी कपडे बदलून गेटपर्यंत पोचायचो आणि मागून तिच्या जहाजातला ओरडा ऐकू यायचा. माझ्यापेक्षा मोठा. मी तुलना करायचो. रोज.

काही वर्षांनी आयला पार्क दाखवायला आणलं. भट्टी तेव्हा उठली होती, तिथे पार्किंग झालं होतं. आयने जागा ओळखली. गाड्यांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "इथं आपली खोपी." मग भिंतीकडे बघितलं. मी तिला जहाजात बसवलं, मधल्या बाकावर, पट्टा स्वतः लावला आणि चौथऱ्यावर चढलो. दांडा धरणार, एवढ्यात ती खालून म्हणाली, "तू नको. ती कठं आहे? तिला हलवू दे. तू माझ्याजवळ बस."

बहिणीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दांडा घेतला. या वेळी टोमणा मारला नाही, आणि तो न मारल्याचाही मला राग आला. मी आयच्या शेजारी बसलो. जहाज वर गेलं तेव्हा भिंतीपलीकडचं पार्किंग दिसलं. खाली येताना आयने माझा हात धरला आणि तोंड उघडून अशी ओरडली, की रांगेतली माणसं वळली. उतरल्यावर म्हणाली, "आता कळलं का बोंबलतात ते."

जहाज आजही तीच चालवते, आणि लोक आजही तिलाच विचारतात. मी त्या पार्कातल्या सगळ्या राईडचा प्रमुख झालो. प्रत्येक रांगेला सावली आणि पाणी आहे, आणि माझ्या सहीच्या नियमाने तिथली एकही राईड सकाळी रिकामी चालत नाही.