सारूबाईची खोली आणि अकोल्याचा कापूस

बायबलवर हात ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. हात जरा अधांतरी ठेवलाय, एवढंच! चर्चच्या पंचमंडळात दहा वर्षं बसलं, की असले किस्से कापसाच्या पुंजक्यासारखे अंगाला चिकटतात. झटकले तरी निघत नाहीत.

*

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मिशनचे साहेब मायदेशी परतले आणि अमरावतीचं आमचं चर्च आमच्या ताब्यात आलं. बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी बाजूला काढत, रविवारी चर्चमध्ये आणत. ती विकून एक फंड जमला होता, सारूबाईसाठी. पार चांदूर बाजारापर्यंत पायी फिरून बायांना बायबल वाचून दाखवण्यात तिची हयात गेली. पेन्शन नाही, पोरबाळ नाही. तिला एक पक्की खोली बांधून द्यायची होती.

*

खजिनदार दाविदमास्तर महाचिकट! कापणीच्या सणाला लोकांनी चर्चला दान दिलेल्या मालाचा लिलाव होतो, त्यात एक भोपळा गेला. मास्तरांनी तो घेणाऱ्याकडून पुन्हा दानात घेतला, पुन्हा लिलाव! तिसऱ्या फेरीला मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, त्या भोपळ्याले बाप्तिस्मा देऊन टाका, मेंबरच झाला तो!"

*

सारूबाईचा फंड मास्तरांनी पोस्टात ठेवला होता. मी मीटिंगमध्ये उभा राहिलो. "पोस्टात काय वाढते? येशूच्या दाखल्यातल्या आळशी नोकरानं पैसे वाढवायचे सोडून जमिनीत पुरले, तसंच हे! अकोल्याच्या अडत्याकडं कापूस घेऊन ठेवू. भाव चढला की एकाच्या दोन खोल्या!"

मास्तर म्हणाले, "बापू, त्या दाखल्यात पैसे मालकाचे होते. हे सारूबाईचे हायेत."

मतदान झालं. मी दोन्ही हात वर केले.

*

कापूस घेतला. आता भाव चढायचा, तर नवं पीक बुडायला हवं! रविवारी पाद्रीसाहेब पावसासाठी प्रार्थना करायला उठले. मी हळूच त्यांचा झगा ओढला, "साहेब, औंदा जरा बेतानं मागा!"

बाकांवर अर्धे लोक कास्तकार. त्यांनी असं 'आमेन' ठोकलं, की कौलं हलली! देवानं बहुमत पाहिलं. पाऊस वेळेवर लागला, कापूस उदंड पिकला, भाव कोसळला. आमचा माल विकून जे हाती आलं, त्यात खोलीचं दारही झालं नसतं.

*

हे सारूबाईला सांगायला मी गेलो. शाळेच्या पडवीत आडोसा करून ती राहायची. चुलीपुढं बसूनच तिनं सगळं ऐकलं.

"काहून रे बापू, लोकायचा कापूस चांगला पिकला ना पण?"

"पिकला, मावशी."

"मंग झालं तर. पावसापान्यासाठी मी रोज गुडघे टेकत होती."

सांगायला मी गेलो, एवढं मात्र रचलेलं आहे. आत गेले ते दाविदमास्तर. मी रस्त्यावर त्यांची सायकल धरून उभा होतो.