पाच चांदण्यांची वसुली

आतोबा गेले त्या दिवशी आत्याने टीव्ही बंद केला. सकाळच्या बातम्या चालू होत्या. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.

वीज वाचवणारी माणसं पुष्कळ असतात. पण आपण दिवा मालवला की ती वीज पुढच्या कुणाच्या तरी घरी पोचते, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. उंब्रजपासून थोडं आत, मळ्यात त्यांचं घर. सगळी नोकरी कालवा निरीक्षक म्हणून झालेली. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळायचं तर वरच्याने आपल्या शेताकडे पाणी नेणारी चारी गरजेपुरतीच उघडावी, हे त्यांचं तत्त्व. निवृत्तीनंतर कालवा सुटला, तत्त्व घरात आलं. पाहुणा न्हाणीघरात असतानाच बाहेरून दिवा जायचा, आणि तो ओरडला तर आतोबा उलट त्यालाच विचारायचे, "आत हाय म्हणून आवाज द्यायचा न्हाई व्हय?" मी ओसरीवर वाचत बसलो की ऊन सरकेल तशी माझी खुर्ची ते स्वतः सरकवत न्यायचे, एखादी कादंबरी संपेपर्यंत मी घराला अर्धी प्रदक्षिणा घातलेली असे. लेकीकडे पुण्याला गेले तेव्हा त्यांनी तिचा फ्रीजच बंद करून टाकला. म्हणाले, "आत एकटा नारळ बसलाय. त्याला कशाला गारवा?"

टीव्हीला संध्याकाळचा एक तास नेमून दिलेला होता. त्याला ते 'आवर्तन' म्हणत, कालव्याला पाणी सुटतं तसं. तास संपला की पडद्यावर काहीही चाललेलं असो, टीव्ही बंद. एकदा एका मालिकेत इन्स्पेक्टरने खुन्याकडे बोट दाखवायला हात उचलला आणि पडदा काळा झाला. आत्या कळवळली. आतोबा शांतपणे म्हणाले, "खुनी उद्याबी खुनीच असतोय."

पण आत्याचं दुखणं मालिकेचं नव्हतं. लेक लग्न होऊन गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. आतोबा दिवसभर शेताच्या बांधावर, आणि आजूबाजूला हाकेच्या अंतरावर एकच घर. तिचं मागणं एवढंच होतं, की स्वयंपाक करताना टीव्ही चालू असावा. "मला बघायचा न्हाई वं," ती म्हणायची, "घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतंय."

"ऐकायला रेडिओ हाय की."

"त्यो बोलत न्हाई, नुसता खरखरतोय. तुमच्यासारखाच."

शेवटी जुना टीव्ही आपणहून बंद पडला आणि आम्ही तिघे कराडला दुकानात गेलो. मी मुद्दाम सांगलीहून आलो होतो. दुकानातल्या मुलाने पाच चांदण्यांचं लेबल लावलेला टीव्ही दाखवला. वीज कमी घेतो, पण किंमत जास्त. त्यांच्या घरी टीव्ही चालणार तासभर. एवढ्यासाठी जादा पैसे घालणं शहाणपणाचं नाही, हे मलाही दिसत होतं. आतोबांनी विचारलं, "ह्यो जादाचा पैसा फिटणार कवा?"

"जितका जास्त लावाल तितका लवकर फिटंल, काका."

मागे आत्या एका चालू टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावरची बाई भाकरी थापत होती आणि आत्या तिला हळूच म्हणत होती, "पीठ सैल झालंय गं तुझं." आतोबांनी तिकडे पाहिलं, लेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे लावलाच पायजे म्हणा की. बांधा."

त्या दिवसापासून त्या घरात टीव्ही बंद करणं हा गुन्हा ठरला. आत्या गोठ्यात गेली तरी चालूच. तिने चुकून बंद केला तर आतोबा अंगणातून ओरडत, "अगं, वसूल व्हायचाय अजून!" शेतातून फोन करून विचारत, "चालू हाय न्हवं?" पडद्याच्या कोपऱ्यातलं चांदण्यांचं लेबल त्यांनी काढू दिलं नाही. क्रिकेटचा स्कोअर नेमका त्याच कोपऱ्यात येतो. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "खेळ बघा की. मार्क कशाला बघताय?"

एकदा चारीच्या कडेने चालताना मी त्यांना म्हणालो, "आतोबा, तुमचं गणित उलटं आहे. जास्त लावला तर बिल वाढतंच. सगळ्यात जास्त वाचतं ते बंद ठेवल्यावर."

"गड्या, हयातभर पाणी मोजलं मी. एवढं कळत न्हाई व्हय मला?" मग हलक्या आवाजात म्हणाले, "अख्ख्या कालव्याचं टोक सांभाळलं. घरातलंच टोक कोरडं ऱ्हायलं. इतकी वर्सं न्हाई न्हाई म्हणलो, आता लाव म्हणायला तोंड कुठनं आणू? आत्याला बोलू नगंस."

सुतकात टीव्ही लावत नाहीत. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, घर निवांत झालं. आत्या चुलीपाशी बसली होती. भाकरी तव्यावर टाकून, वर न बघता म्हणाली, "लाव रं तेवढा. लय दिस बंद हाय. त्यांचा जीव तुटत आसंल तिकडं."

मी लावला.

आता मी सांगलीहून फोन करतो तेव्हा आत्याच्या आवाजामागे कुणीतरी बोलत असतं. कधी बातम्या, कधी भांडणं, कधी पावसाचा अंदाज. लेबल अजून त्याच कोपऱ्यात आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही. टीव्ही चालू असतो.