चुण्यांची दिशा

पहाटे चार पन्नासला मावशींच्या ट्रेमध्ये भरलेल्या पाऱ्यांची पहिली रांग लागलेली होती. कामगार वसतिगृहाचं हे स्वयंपाकघर. खाणारे चार देशांचे, म्हणून सारण भरण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. कुणाला चुण्या घातलेली, वाफवलेली चंद्रकोर हवी. कुणाला रश्श्यात तरंगणारी टोपी. कुणाला बटाट्याच्या गोळ्यात अख्खं जर्दाळू. मावशींनी यातला एकही देश पाहिलेला नाही. पारी तळहातावर पडते, सारण जातं, बोटं फिरतात, तोंड मिटतं. मधलं काही बघणाऱ्याला दिसतच नाही.

उजवं मनगट मोडल्यापासून ते वळत नाही. प्लास्टर असेपर्यंत मावशींनी घरी कणकेवर डावा हात बसवला आणि आज त्या पहिल्यांदाच कामावर परतल्या होत्या. मुख्य आचारी मात्र साशंक होता.

"मावशी, फुटल्या तर उद्यापासून भांड्यांवर. मग रुसायचं नाही."

"फुटल्या तर घासणी मीच मागून घेईन."

वाफेवर एकही फुटली नाही. पण वाफेच्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या धाकट्या जावेने झाकण उचललं आणि तशीच थांबली.

"जाऊबाई, या कसल्या?"

"मटणाच्या."

"मग चुण्या डावीकडे कशा झुकल्या?"

इथला नियम साधा आहे: मटणाची चुणी उजवीकडे, भाजीची डावीकडे. शिजल्यावर वरून दुसरी ओळख उरत नाही आणि खाणाऱ्यांतले कित्येक मटणाला शिवत नाहीत. हात बदलला, तशी दिशाही उलटली होती.

"बाहेर गेल्या असत्या ना, तर पाठोपाठ आपणही गेलो असतो," जाऊ म्हणाली. आचाऱ्याने भांड्यांच्या मोरीकडे बोट दाखवलं.

मावशी हलल्या नाहीत. त्यांनी नवी पारी घेतली, दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली आणि पीठ ओढण्याऐवजी अंगठ्याने पुढे ढकललं. पहिली वाकडी झाली. दुसरी कमी वाकडी. मग चुण्या एकामागून एक उजवीकडे झुकत गेल्या, तोच वेग, तीच बारीक कड. भाजी चिरणाऱ्यांच्या सुऱ्या थांबल्या. आचाऱ्याने काल दुसऱ्या बाईने केलेली मटणाची एक फ्रीजमधून आणली, दोन्ही दिव्याखाली धरल्या, उलटसुलट केल्या. त्याला फरक सापडला नाही.

"मनगटाला कळलं का हे?" त्याने विचारलं.

"त्याला कशाला त्रास? ते रजेवर आहे."

चुकीचा ट्रे मटणाची चिठ्ठी लावून बाजूला गेला. आचाऱ्याने फळ्यावर उद्याची कामं लिहिली. पारीचं टेबल: मावशी. मटण आणि भाजी, दोन्ही.