चिंतामणी सरांचे शंकू

चिंतामणी सर गणित शिकवत नसत, लिहून देत. सत्त्याहत्तर साली भवानी पेठेतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा त्यांच्या नोकरीला वीस वर्षं झाली होती आणि त्या वीस वर्षांत त्यांनी एकही नवं पुस्तक उघडलेलं नव्हतं. खडूची पूड शर्टावर पडू नये म्हणून हात लांब करून लिहायचे. रुबाब मात्र असा, की भूमिती जणू यांच्याच घरात जन्मली.

'शंकुच्छेद' हा धडा त्यांनी तीन समीकरणांत उरकला. एक विवृत्ताचं, एक अन्वस्ताचं, एक अपास्ताचं. "पाठ करा. ग्रीकांनी ही समीकरणं शोधली, आपण फक्त मार्क घ्यायचे."

दाक्षायणी उठली. तिचे वडील चनमल्लप्पा अक्कलकोट रोडला यंत्रमागावर टॉवेल विणायचे. "सर, नाव शंकुच्छेद हाय, पण ह्यात शंकू कुठं हाय की?"

सर हसले. उत्तर येत नसलं की ते असेच हसत. "तुला शंकू कशाला? भाकरी थापायला वर्तुळ पुरतं."

वर्ग हसला. त्यात मीही होतो.

दाक्षायणी तेवढ्यावर थांबली नाही. तिनं वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं, घरात रॉकेलचं जुनं नरसाळं होतं ते घेतलं, त्यात शाडू ठासला आणि चार शंकू काढले. चनमल्लप्पांनी मागावरचं जाड सूत आणून दिलं. दोघं दोन टोकं धरून ताणायचे आणि ओल्या मातीतून ओढायचे. "लई सरळ कापतंय बघ," ते म्हणायचे. आडवा काप दिला की वर्तुळ. जरा तिरका, की विवृत्त. शंकूच्या कडेशी समांतर, की अन्वस्त. आणखी उभा, की अपास्त.

वाळलेले शंकू तिनं वर्गात आणले. सरांनी ते उचलून थेट आपल्या कपाटात ठेवले. "बघतो नंतर," म्हणाले. महिन्याभरानं गणित प्रदर्शनात ते मांडलेले दिसले. खाली चिठ्ठी होती: 'प्रा. चिंतामणी यांचे मातीचे नमुने'. दाक्षायणीनं चिठ्ठी वाचली आणि मागं जाऊन उभी राहिली. आम्हीही सगळ्यांनी ती वाचली आणि पुढच्या टेबलाकडे सरकलो.

पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक पाहायला आले होते. त्यांनी विचारलं, "यातला अन्वस्त कोणता?"

सरांनी ऐटीत उभा काप दिलेला शंकू उचलला. "हा."

"सर, तो अपास्त आहे," मागून दाक्षायणी म्हणाली.

प्राध्यापक तिच्याकडे वळले. "आणि ग्रीकांनी हे कसं शोधलं?"

"समीकरणं त्यांच्याकडं नव्हतीच, सर. एका घनाच्या दुप्पट घन कसा करायचा, ह्या कोड्यात मेनेक्मस अडकला होता. तेव्हा त्यानं ह्या वक्ररेषा वापरल्या. तो टोकाचा कोन वेगवेगळा असलेले शंकू घ्यायचा आणि कडेला काटकोनात कापायचा, असं मानतात. पुढं अपोलोनियसनं दाखवलं, की एकाच शंकूत तिन्ही मिळतात, फक्त कापाचा कल बदलायचा. त्यानंच त्यांना नावं दिली."

"हे तू केलंस?"

तिनं उत्तर द्यायच्या आत सर पुढं सरसावले. "माझ्या मार्गदर्शनाखाली!"

"मग अन्वस्त तुम्हाला कसा ओळखू आला नाही?" प्राध्यापकांनी विचारलं.

सरांनी शर्टाची बाही झटकली. बाहीवर काहीच नव्हतं.

शिक्षा वगैरे काही झाली नाही. प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्र सरांच्याच नावानं आलं आणि त्यांनी ते काचेत बसवून घरी टांगलं. पुढच्या वर्षीच्या नोट्समध्ये मेनेक्मसवर चार ओळी आल्या. त्या दाक्षायणीच्याच होत्या, पण तिचं नाव कुठंही नव्हतं. मेनेक्मसच्या नावाचं स्पेलिंगही त्यांनी चुकवलं होतं, ते पुढं निवृत्तीपर्यंत तसंच राहिलं.

दाक्षायणी बी.एस्सी. झाली आणि माढ्याला शिक्षिका म्हणून लागली. 'ती माझी विद्यार्थिनी,' असं सर गावभर सांगत फिरायचे. त्याबद्दल मी एकदा तिला विचारलं.

"त्यांच्या वर्गात मी बसत होते," ती म्हणाली. "एवढंच खरं हाय त्यात."