इंजिन न उतरवता

शुक्रवारी गॅरेजमध्ये डोकावून आल्यापासून दोन दिवस आईच्या डोळ्यांसमोरून एक चित्र काही केल्या हलत नव्हतं. भांडी विसळताना तेच, पुस्तक उघडून नुसतं पानाकडे बघत बसलं तरी तेच. धाकटी गाडीच्या पुढच्या बाजूला वाकलेली, कोपरापर्यंत हात आत घातलेला, आणि ते एवढं मोठं इंजिन एका जॅकवर टेकलेलं. जॅक आणि इंजिनाच्या मध्ये लाकडाचा ठोकळा.

"ठोकळा कशाला गं?" तिने विचारलंही होतं.

"चेंबरला पोचा पडू नये म्हणून."

म्हणजे तेलाच्या पत्र्याच्या डब्याची काळजी होती. स्वतःच्या बोटांची नव्हती.

धाकटी एकतीस वर्षांची. थोरला शहाण्यासारखा शिकला आणि शहाण्यासारखा ऑफिसात जाऊन बसला. धाकटीने गणितात पहिला वर्ग मिळवला, सगळ्यांची तोंडं गोड केली, आणि पुढच्याच महिन्यात एका म्हाताऱ्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिली. मेस्त्रींना वाटलं, चार दिवसांची हौस आहे, फिटेल. त्यांनी आठ महिने तिच्या हातात पाना दिला नाही. नुसतं झाकणांखालचं जुनं, चिकटून बसलेलं पॅकिंग खरवडायला लावलं. साफ झालं की नाही ते डोळ्यांनी बघायचं नाही, नखाने बघायचं, म्हणायचे. घरात जिने कधी एक पातेलं धड घासलं नाही, ती तिथे तासन्‌तास धातूवरून नख फिरवत बसायची. हौस काही फिटली नाही. सात वर्षांनी मेस्त्री थकले आणि हिने रस्त्याच्या टोकाला एका शटरचं स्वतःचं गॅरेज उघडलं.

गिऱ्हाइकं यायची, आत डोकावायची, विचारायची, "मेस्त्री कुठे गेलेत?"

"समोर उभे आहेत," ही म्हणायची.

निम्मी तिथूनच परत जायची. दोन वर्षं अशीच गेली, पंक्चर, ब्रेक, कुणाची तरी बंद पडलेली स्कूटर. आणि मग शाळेच्या व्हॅनवाला आला. त्याच्या सहा व्हॅन. त्यातल्या एकीच्या इंजिनाच्या तोंडावरचं झाकण गळत होतं. झाकणाखालचं पॅकिंग गेलेलं. नाक्यावरच्या मोठ्या गॅरेजने सांगितलं होतं की इंजिन उतरवावं लागेल, आठ दिवस लागतील. धाकटी टॉर्च घेऊन खाली सरकली, पाच मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "उतरवायला नको. जागच्या जागी होईल. सोमवारी सकाळी मुलं बसवून घेऊन जा."

व्हॅनवाला म्हणाला, "ताई, जमलं तर सहाच्या सहा तुझ्याकडे. नाही जमलं तर पुन्हा या रस्त्याला मी फिरकायचो नाही."

हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. "अगं बाई, सगळे उतरवतात ना? मग उतरव की! जगावेगळं काही केल्याशिवाय तुला अन्न गोड लागत नाही का?"

"आई, दात दुखतो म्हणून कोणी मुंडकं उतरवून ठेवतं का?"

या मुलीशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं. भिंत निदान उलट उत्तर तरी देत नाही.

शनिवारी आईने तिला सहा फोन केले. पहिल्यात कळलं की एका बाजूचा पाया, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं तो, सोडवला. दुसऱ्यात पट्टा निघाला, तिसऱ्यात पुली. चौथ्या-पाचव्यात फक्त "हं" आणि "हं". सहाव्यात धाकटी भडकली.

"आई, माझा हात आत आहे, जागा चार बोटांची आहे, आणि तुझा फोन वाजला की मी दचकते. आता तूच सांग, धोका जॅकचा आहे की तुझा?"

"मी काळजीने..."

"काही पेटलं असेल तरच फोन कर आता."

संध्याकाळी ती झाकण टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आली. आणि ठेवलं कुठे, तर जेवायच्या टेबलावर.

"इथे?"

"गॅरेजमधला दिवा मिणमिणता आहे. सकाळी उचलते."

एक प्लास्टिकची पट्टी घेऊन ती जुनं पॅकिंग सोलत बसली. लोखंडाने खरवडलं तर ओरखडा पडतो, आणि त्या ओरखड्यातून पुन्हा तेल गळतं, असं बाबांना सांगत होती. शेजारी एक पुठ्ठा होता. त्यावर पेन्सिलीने झाकणाचा आकार काढलेला, आणि कडेकडेने भोकं पाडून त्यांत चौदा बोल्ट खोचलेले. एकेक काढून तारेच्या ब्रशने घासायचा आणि परत त्याच भोकात खोचायचा. आई मधूनमधून जॅकची चौकशी करत होती.

रविवारी सकाळी धाकटी न्हाणीघरात गेली आणि आईने ताटल्या मांडायला पुठ्ठा उचलला. एका हाताने, तिरका. बोल्ट पावसासारखे जमिनीवर पडले. एक फ्रीजखाली गेला, तो तिने केरसुणीच्या दांड्याने बाहेर ओढला. मग खाली बसून सगळे परत खोचले. चौदा भोकं, चौदा बोल्ट. एकही हरवला नाही, म्हणून तिला बरंच वाटलं. धाकटी ओल्या केसांनी आली, उभ्या उभ्या चहा प्यायली, पुठ्ठा काखेत मारला, झाकण उचललं आणि साडेआठला गेली.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मघाशी काय पडलं?"

"काही नाही हो. तिचे ते बोल्ट. लावले परत."

"जागच्या जागी?"

"त्यात कसली जागा? दिसायला सगळे सख्खे भाऊ."

"मग तिने चित्र काढून एकेकाला घर का दिलं असेल? हौस म्हणून?"

बाबांनी चष्मा काढला. "काही लांब असतात, काही आखूड. फरक चार-पाच मिलिमीटरचा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो. वरून घट्ट वाटतो, पण झाकण दाबलंच जात नाही. त्यात आणखी जोर केला तर मागचं इंजिनाचं ओतीव अंग तडकतं."

"तडकलं तर?"

"तर मग इंजिन उतरवावं लागतं."

"तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?"

"काल तीच सांगत होती. तू तेव्हा जॅकचं विचारत होतीस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवस जिच्या बोटांसाठी जीव टांगणीला लावला, तिच्याच कामात स्वतःची बोटं घालून ठेवली.

"तिच्या हाताला कळेल की," आई म्हणाली. "एवढी सात वर्षं शिकलीय."

"कळेलही. पण पुठ्ठा समोर असताना ती एकेक बोल्ट मापत बसणार नाही. तिने स्वतः लावलेला पुठ्ठा आहे तो. तिच्या लेखी."

"तुम्ही करता का फोन?"

"बोल्ट मी पाडले?"

आईने घड्याळ बघितलं. सव्वानऊ. बाबांनी बोटांवर मोजून दाखवलं, आधी कडा पुसेल, मग नवं पॅकिंग, मग कोपऱ्यांना सिलिकॉनचा चिकट लेप, आणि तो लावला की दहा मिनिटांत झाकण बसवावं लागतं. चालत जावं तर वीस मिनिटं, आणि तीही गुडघ्याने ऐकलं तर. एकतीस वर्षं या घरात 'जरा लक्ष देत जा' हे वाक्य आईच्या एकटीच्या मालकीचं होतं. आज एकदा तोंड उघडलं की ते कायमचं गेलं. शिवाय फोन करायचा नाही म्हणून बजावलेलं. उचलेल की नाही, कोण जाणे.

तरी तिला खुपत होतं ते वेगळंच. उद्या व्हॅनवाला येईल, खाली तेलाचा डाग बघेल, काही न बोलता नाक्याकडे वळेल. आणि धाकटी चूक शोधत बसेल. नख फिरवून कडा बघेल, पॅकिंग बघेल, स्वतःचे हात बघेल. आईवर संशय तिला स्वप्नातही यायचा नाही. आपल्यालाच जमलं नाही, असं धरून ती बसेल, आणि पुढचा कुणी आला की म्हणेल, इंजिन उतरवावं लागेल.

"करतेस ना?" बाबांनी विचारलं.

"करते. पण ओरडेल हो ती."

"ओरडू दे की."

आधी 'रागावू नकोस' म्हणावं की आधी 'हात थांबव' म्हणावं, हे तिचं ठरेना. मग 'हात थांबव' आधी, बाकीचं जमेल तसं, असं ठरवून तिने फोन उचलला आणि धाकटीचा नंबर लावला.