वीस जुलैचा फोन

माझा जन्म वीस जुलैचा. ही तारीख आईपेक्षा दादानेच मला जास्त वेळा सांगितली असेल.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमचं गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे, पण वडील भिवंडीत कामाला लागले आणि आम्ही नारपोलीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो. दादा नववीत नापास झाला आणि कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात लागला. मी शिकत राहिले, शिक्षिका झाले. त्यात कुणी कुणासाठी काही सोडलं नव्हतं. त्याला शाळा आवडायची नाही, मला आवडायची, एवढंच.

वाचायची मात्र त्याला फार हौस. चहाच्या टपरीवर पेपर यायचा, त्यातली दिनविशेषाची चौकट तो आधी वाचायचा. आजच्या तारखेला जगात काय काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. टपरीवाल्याला विचारून तो ती फाडून आणायचा आणि वहीत उतरवायचा. एका तारखेला एक पान. दरवर्षी नवीन काही सापडलं की त्याच पानावर खाली भर. पानाच्या तळाशी ओळखीच्या माणसांची नावं. शेजारीण, किराणावाला, लूमवरचे कामगार, त्या तारखेला जन्मलेले सगळे.

पुढे तो जॉबर झाला. म्हणजे बिघडलेल्या लूम दुरुस्त करणारा. कारखान्याच्या दाराशी कोण कुठल्या शिफ्टला आहे ते लिहायचा काळा फळा होता. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर दादा रोज सकाळी दिनविशेष लिहू लागला. आधी मराठीत, मग कामगार बहुतेक उत्तरेकडचे म्हणून हिंदीतही. ते त्याला उस्ताद म्हणायचे. तो प्रत्येकाला जन्मतारीख विचारायचा आणि बहुतेक जण आधार कार्डावरची एक जानेवारी सांगायचे. "अख्खा कारखाना एकाच दिवशी जन्मला हाय," असं मला सांगताना तो पोट धरून हसला होता.

माझं लग्न होऊन मी शेलारला गेले. दरवर्षी वीस जुलैला सकाळी सात वाजता, ड्युटीवर जाण्याआधी, त्याचा फोन यायचा.

"वीस जुलै. माणूस पयल्यांदा चांदावर उतरला. एव्हरेस्टवर पयले चढले त्या दोघांतला एक जण आजच जन्मला. आणि आमची बाय."

याच क्रमाने, दरवर्षी. एकदा मी विज्ञानाची बाई म्हणून त्याला म्हटलं, "दादा, चंद्रावर उतरले तेव्हा आपल्याकडे एकवीस तारीख लागली होती. आपल्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती." त्याने फोन ठेवून दिला. मला वाटलं, उगाच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत फोन. "एकवीस जुलै. आपल्या हिशेबानं आज उतरले. म्हणजे दोन दिवस तुझे." तेव्हापासून दोन फोन येऊ लागले.

लूमच्या खटखटीत तीस वर्षं काढल्यावर त्याचे कान गेले. आधी एक, मग दोन्ही. कानाची मशीन घेऊन दिली तर म्हणाला, "यात लूमचाच आवाज येतो," आणि काढून ठेवली. तरी फोन चुकला नाही. मी काय बोलते ते त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो फक्त सांगायचा. चंद्र, एव्हरेस्ट, आमची बाय. मग "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद. मी "थँक्यू दादा" म्हणेपर्यंत पलीकडे कुणी नसायचं.

समोर बसला की मात्र बोलणं अडत नसे. कारखान्यात आवाज कुणालाच ऐकू जात नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. दादा तर शेडच्या या टोकावरून त्या टोकाचं बोलणं वाचायचा. हे मला माहीत होतं. हे मला माहीत होतं, म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

माझ्या शाळेत परिपाठाला रोज एक मूल दिनविशेष वाचायचं. सुरुवातीला पुस्तकात बघून मी तयार करायची, पण दादाच्या वह्या त्याहून भरलेल्या. दर महिन्याला तो पुढच्या महिन्याची पानं माझ्यासाठी उतरवून पाठवायचा. मुलांना कळेल अशी सोपी वाक्यं, मोठं अक्षर. माझ्या शाळेच्या दिनविशेषाचं कौतुक व्हायला लागलं. दुसऱ्या शाळांतल्या बाई मागून न्यायच्या. हे कोण लिहितं, असं मला कुणी थेट विचारलं नाही. आणि मी आपणहून कधी सांगितलं नाही.

मी जुलैअखेर निवृत्त झाले. शाळेने निरोप समारंभ ठेवला. मंचावर शिक्षण खात्याचे एक मोठे अधिकारी, संस्थेची माणसं, मी शाल पांघरून मध्ये. समोर पहिल्या रांगेत माझा मुलगा, सून, तिचे आईवडील. दादा आणि वहिनी तिसऱ्या रांगेत. दादाने पांढरा शर्ट घातला होता. इस्त्री इतकी कडक की बाहीची घडी मंचावरून दिसत होती. खिशात एक कागद होता.

माझ्या सहकारी बाई बोलायला उभ्या राहिल्या. "बाईंचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं," त्या म्हणाल्या, "ते म्हणजे त्यांचे दिनविशेष. एवढा अभ्यास, एवढी मेहनत, आणि कधी गाजावाजा नाही."

टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून हसले. आणि दादा उठला.

त्याने बाईंचे ओठ वाचले होते. त्याला वाटलं, आता आपलं नाव येणार, आपल्याला बोलावणार. तो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला, खिशातला कागद उघडला आणि कारखान्यात बोलतो त्या आवाजात सुरू झाला. "वीस जुलै! माणूस पयल्यांदा चांदावर उतरला!"

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते कळत नाही. माईकपेक्षा तो आवाज मोठा होता. मागे मुलं हसायला लागली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेच्या आईने सुनेच्या कानात काहीतरी विचारलं. बाई माईकपाशी थांबून राहिल्या.

तेव्हा मी एवढंच म्हणू शकले असते की हा माझा भाऊ, दिनविशेष याचेच. दोन वाक्यं. तीस-बत्तीस वर्षं वर्गात बोलून काढलेल्या बाईला दोन वाक्यं जड नव्हती.

मी मुलाला खुणेने मंचाच्या कडेशी बोलावलं, त्याच्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "मामाला बाहेर घेऊन जा. लाज आणली."

हळू बोलले. शेजारच्या खुर्चीतल्या अधिकाऱ्यांनाही ऐकू गेलं नसेल. पण दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. सगळा वेळ तो माझ्याच तोंडाकडे बघत होता.

त्याचा आवाज तिथेच थांबला. मुलगा त्याच्यापाशी पोचेपर्यंत त्याने कागदाची घडी घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या पायांनी बाहेर गेला. वहिनी पदर सावरत मागून गेली. जेवणाच्या वेळी मी दोघांना शोधलं. ते रिक्षाने निघून गेले होते.

"मामांना काही कळलं नसेल, आई," मुलगा म्हणाला. "ऐकू कुठे येतं त्यांना?" मी म्हटलं, "हो रे." मला खोटं बोलायला सोपं जावं म्हणून तो तसं म्हणाला, की त्याला खरंच तसं वाटलं, मी अजून विचारलेलं नाही.

दादाकडे गणपती असतो. महिन्याभराने मी मोदक घेऊन नारपोलीला गेले. माफी मागायची ठरवूनच गेले होते. तो नेहमीसारखा "ये, बस" म्हणाला. वहिनी चहाला आत गेली. मी त्याच्या समोर बसले, त्याला नीट दिसेल असं तोंड केलं आणि म्हणाले, "दादा, त्या दिवशी..."

त्याने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

ऐकणाऱ्या माणसाने मान वळवली तरी आपलं बोलणं त्याच्यापर्यंत जातं. दादाच्या बाबतीत तसं नव्हतं. त्याने तोंड फिरवलं की माझ्याजवळ काही उरत नव्हतं. मी त्याच्या खांद्याला हात लावू शकले असते. समोरच्या वहीवर लिहू शकले असते. मी चहा प्यायले, आरतीला थांबले, प्रसाद घेतला आणि परत आले. तो फाटकापर्यंत सोडायला आला. "हळू जा," म्हणाला.

वर्षभर मी स्वतःला समजावत राहिले की जुलैत फोन येईल आणि सगळं मागे पडेल. वीस जुलैला सहापासून फोन हातात धरून ओट्याशी उभी होते. सात वाजले, साडेसात झाले. मुलाने केक आणला. सून म्हणाली, "आई, कुणाचा फोन यायचाय का?" मी नाही म्हटलं. एकवीस तारखेलाही सात वाजेपर्यंत मला आशा होती.

आपण फोन करावा तर त्याला ऐकू येत नाही, हे कारण मला तेव्हा फार सोयीचं पडलं. शेलार ते नारपोली किती लांब आहे? रिक्षाने अर्धा तास.

त्यानंतरच्या माघात, भर दुपारी, लूमचा पट्टा चढवताना दादाच्या छातीत कळ आली. कामगारांनी उचलून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा वहिनी बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर त्याच्या चपला होत्या.

डॉक्टर कागद भरत होते. "जन्मतारीख?" वहिनीने पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. एक जून. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

एक जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची तीच आहे. मी सरकारी दवाखान्यात जन्मले, म्हणून माझी तारीख खरी. दादा गावी घरात जन्मला. भात झोडणीच्या दिवसांतला, असं आई म्हणायची. म्हणजे जूनच्या आसपासही नाही. एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की दादा, तुझा खरा दिवस कुठला. आई होती तोवर तिला विचारता आलं असतं, पंचांग काढून बसता आलं असतं. मी विज्ञानाची बाई, चंद्राची तारीख दुरुस्त करून मोकळी झाले.

दहाव्याला कारखान्यातले कामगार आले. एक वयस्कर माणूस, पंचवीस वर्षं दादासोबत काम केलेला, माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला फळ्याबद्दल विचारलं. शेवटच्या दिवशी दादाने काय लिहिलं होतं, ते मला हवं होतं.

"बोर्ड तो उस्ताद ने कब का छोड़ दिया, दीदी," तो म्हणाला. "डेढ़ साल हो गया. हम लोग बोलते थे, उस्ताद, लिखो ना. बोलते थे, कौन पढ़ता है."

"कधीपासून?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"बारिश के दिन थे. जुलाई-अगस्त."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

या वर्षी वीस जुलैला मी घरात थांबले नाही. सकाळीच नारपोलीला वहिनीकडे गेले. त्यांना मूलबाळ नाही, ती एकटीच असते. कारखानाही आता बंद आहे, लूम भंगारात गेल्या. त्या गल्लीत चालताना माझी चप्पल वाजलेली मला ऐकू आली.

वहिनीने दादाच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "तुम्हीच न्या. मला काय वाचता येतं?" मी एक जूनचं पान काढलं. तळाशी गावातली, गल्लीतली पंधरा-वीस नावं होती. त्यात त्याचं स्वतःचं नव्हतं. मग मी भात झोडणीच्या दिवसांची, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं एकेक करून बघितली. कुठेच नव्हतं. वीस जुलैचं पान मी उघडलं नाही.

मग मी वहिनीला सगळं सांगितलं. मंचावर मी काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. दीड-दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं.

ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "रिक्षातच बोलले ते."

"काय बोलला?"

"काय न्हाय."

"वहिनी, सांगा ना."

तिने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "बोलले, ती मोठी झाली. तिचा दिवस साजरा करायला आता मोठी माणसं हायत. आपला आवाज लय होतो."

मी रडले. तिने रडू दिलं, समजूत काढली नाही. बऱ्याच वेळाने सूप बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, "भात टाकते. जेवूनच जा."

मी जेवून आले.