उलटा हात जमिनीला

मी डूख धरते. हे माझ्या नवऱ्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. आमच्या डॉग पार्कातल्या बाईंना कळायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मी मजेत थांबले होते, हे आधीच सांगून टाकते.

लंडनला येण्याआधी आम्ही नऊ वर्षं आखातातल्या एका वाळवंटी शहरात होतो. नवरा बांधकामाच्या कंपनीत होता आणि त्याच्याच एका साइटवर आम्हाला आमची कुत्री सापडली. वाळूच्या रंगाची, काटक्यांसारख्या पायांची, सिमेंटच्या पाइपात झोपलेली. तिच्या पायी मला त्या शहरातले सगळे डॉग पार्क पाठ झाले. उन्हाळ्यात पहाटे पाचला जायचं आणि साडेसहाच्या आत घरी. तिथे कोणाला कोणाचं नाव माहीत नसायचं, पण एक रीत सगळे पाळायचे. कुत्र्याचा पट्टा सोडण्याआधी वाकायचं, उलटा हात जमिनीला लावायचा आणि सातपर्यंत मोजायचं. हात ठेववला नाही तर आल्या पावली परत. पहिल्या आठवड्यात मी न मोजताच पट्टा सोडायला निघाले, तेव्हा फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने माझं मनगट धरून माझा हात जमिनीला टेकवला होता. पुन्हा कोणाला मला सांगावं लागलं नाही.

तिथेच हायवेलगतच्या एका पार्कात हौसेने हिरवंगार प्लास्टिकचं गवत घातलं होतं. मे महिन्यात सकाळी आठला त्यावर तीनपर्यंतसुद्धा मोजता येईना. जवळ गेलं की तापलेल्या टायरचा वास यायचा. जूनमध्ये फाटकाला साखळी लागली आणि ते गवत गुंडाळून नेलं. उघडी वाळू परवडते पण हे नाही, एवढं मला तेव्हापासून माहीत आहे.

मग नोकरी बदलली आणि आम्ही कुत्रीसकट क्रॉयडनच्या बाजूला राहायला आलो. ट्रामचे रूळ ओलांडले की एक बाग आहे आणि तिच्या कोपऱ्यात कुंपण घातलेला कुत्र्यांचा भाग. तो कुत्रेवाल्यांची एक कमिटी सांभाळते आणि कमिटी म्हणजे या बाई. साठीच्या पुढच्या, निळा रेनकोट, गळ्यात शिट्टी, सोबत म्हातारा काळा लॅब्रडॉर. हात जमिनीला लावायची माझी सवय सुटली नव्हती. नोव्हेंबरच्या चिखलातही मी वाकायचे. बाईंनी एकदा चारचौघांत मला विचारलं की हे आमच्या धर्मात आहे का. सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

पण खरा विषय त्यानंतरच्या महिन्यात झाला. एक दांडगं पिल्लू आमच्या कुत्रीच्या पाठीवर तीनदा चढलं. तिसऱ्या वेळी तिने दात दाखवले. चावली नाही, नुसते दाखवले. त्या संध्याकाळी बाईंनी पार्कच्या ग्रुपवर लिहिलं की ही रस्त्यावरची कुत्री आहे, लहान मुलांचा विचार करायला हवा, तरी यापुढे तिला दुपारी बारा ते एक या वेळातच आणावं. त्या वेळी पार्कात कुणीच नसतं. मी दुसऱ्या दिवशी समजावायला गेले, तर बाई गोड हसून म्हणाल्या, "बाहेरून आणलेल्यांचं काही सांगता येत नाही ना." त्या कुत्र्यांबद्दल बोलत होत्या, असं नवऱ्याचं मत. मी तिथे होते, तो नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही बाराला जायचो. मी घरून काम करते म्हणून जमायचं तरी. रिकाम्या पार्कात आमची कुत्री फाटकाकडे तोंड करून बसायची. तिच्याकडे यायचा तो फक्त बाईंचा लॅब्रडॉर. बाई बागेतून त्याला फिरवत आणि तो पट्टा ओढून कुंपणाशी येई, जाळीतून नाक घाली. मी त्याला गाजराचा तुकडा द्यायचे. बाईंवरचा राग मी त्याच्यावर कधी काढला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

हिवाळ्यानंतर कमिटीने चिखलावर उपाय काढला, तो म्हणजे प्लास्टिकचं गवत. ग्रुपवर हिरवेगार फोटो आले आणि मी ते नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, "अगं, मीटिंगला जा आणि सांग त्यांना. यू आर द ओन्ली वन हू नोज."

"मला कोणी विचारलंय?"

"विचारायला कशाला हवं? सेफ्टीचा प्रश्न आहे."

मी मीटिंगला गेले. चर्चमागच्या छोट्या हॉलमध्ये वीसेक माणसं, चहा, बिस्किटं. बाईंनी गवताचा नमुना हातोहात फिरवला. माझ्या हातात आला तेव्हा मी तो नाकाशी नेला आणि पुढे दिला. शेवटी बाईंनी विचारलं की कोणाला काही म्हणायचंय का. त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावरून जरा लवकर. मी बिस्किट चहात बुडवलं. गवताच्या बाजूने हात वर झाले, त्यात माझाही होता. घरी येताना ट्राममध्ये मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

गवत बसलं, पण पहिला उन्हाळा पावसात गेला. पावसाचा इतका संताप मला जन्मात आला नव्हता. मी सकाळी उठून आधी फोनवर तापमान बघायचे आणि एकवीस-बावीस दिसलं की दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा. बाईंचे ग्रुपवर फोटो चाललेच होते, बघा, एक पंजा मळला नाही. नवऱ्याने दोनदा विषय काढला, मग सोडून दिला.

दुसऱ्या वर्षी जुलैत ऊन आलं. छत्तीस, सदतीस. ट्राम सावकाश धावू लागल्या, बागेचं खरं गवत पिवळं पडलं आणि कुत्र्यांच्या कोपऱ्यातलं तेवढं हिरवं राहिलं. त्याच शनिवारी बाईंनी पार्कात सगळ्यांचं संमेलन ठेवलं होतं. वेळ दुपारी बारा. आमचा एक तास होता, तोही घेतला, आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मी कुत्रीला घरात पंख्याखाली ठेवलं आणि एकटीच निघाले. नवऱ्याने विचारलं कुठे. म्हटलं, बघायला.

पावणेबाराला पार्कात बाई एकट्या होत्या. टेबल मांडत होत्या. जाड तळव्यांचे बूट. त्या दिवशी मी वाकले नाही, हात जमिनीला लावला नाही. कुंपणाबाहेरूनच टायरचा वास येत होता. बाईंनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि लॅब्रडॉरसाठी बॉल टाकला.

तो गेला. म्हातारा असला तरी बॉल म्हटलं की जायचा. परत येताना पाय विचित्र टाकत होता. बाईंनी पाठमोऱ्या राहूनच दुसरा बॉल टाकला. मी जाळीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, बघ आता, वळून बघ. त्यांच्या चेहऱ्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते. त्या वळल्या नाहीत.

वळला तो लॅब्रडॉर. त्याला मी दिसले. बॉल टाकून तो सरळ माझ्याकडे आला आणि जाळीत नाक घालून उभा राहिला. एक पंजा उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. शेपटी हलत होती. त्याच्यामागे दहा पावलांवर झाडाची सावली होती, पण मी इथे होते आणि तो गाजराची वाट बघत होता.

मला वाटतं मी सातपर्यंत मोजलं. मुद्दाम नाही, पण मोजलं.

मग मी फाटकातून आत धावले, त्याला पोटाखालून धरून उचललं आणि सावलीतल्या मातीवर नेऊन ठेवलं. पंजाची कातडी एका ठिकाणी सुटून लोंबत होती. मी बाईंना ओरडून पाणी मागितलं, बर्फ नको, साधं पाणी. त्या बाटल्या घेऊन धावत आल्या. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून त्याचे पाय भिजवत होतो.

"कोणालाच कल्पना नव्हती ना," त्या म्हणाल्या.

"मला होती," मी म्हटलं. "मीटिंगच्या दिवशीसुद्धा होती."

हे वाक्य मी दोन उन्हाळे आंघोळ करताना घोकलं होतं. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हवा होता तो चेहरा मला मिळाला. मग त्या पुन्हा खाली वाकून पाणी ओतायला लागल्या.

गवत ऑगस्टमध्ये गुंडाळून नेलं. बाईंनी ग्रुपवर लिहिलं की आमच्या कुत्रीने कधीही यावं. माझं बोलणं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे लोक मला भेटून आभार मानतात आणि मला ते ऐकून घ्यावे लागतात. बाई आता फाटकाशी वाकतात, पाऊस असला तरी उलटा हात चिखलाला लावतात. मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनी मला केलंय का, हे विचारायची माझी छाती नाही.

लॅब्रडॉर लंगडतो, पण मी दिसले की येतोच. गाजर खाऊन झालं तरी माझ्यासमोर उभा राहतो, एक पंजा किंचित वर धरून. मी उभी असेपर्यंत तो जात नाही, म्हणून आता मीच आधी निघते.